आमच्या शेगडीवर बालुशाही

आमच्या घरच्या शेगडीला दोनच गोष्टी जमायच्या, भडकायचं नाहीतर विझायचं. बटण फिरवून आच बारीक करायला गेलं की फुस्स, ज्योत गायब. आणि माझे बाबा काम काय करतात? गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. आसपासच्या चार गल्ल्यांत त्यांना 'शेगडीवाले' म्हणूनच ओळखतात. कोणाची ज्योत पिवळी येते, कोणाचं बटण घट्ट झालंय, बाबा पिशवी घेऊन हजर. घरी आले की मात्र स्वयंपाकघराकडे पाठ करून बसणार. आई म्हणाली, "अहो, आपली पण बघा की एकदा," तर उत्तर ठरलेलं.

"रविवारी बघू."

असे अकरा वर्षांचे रविवार झाले. आई दूध तापवायला ठेवते आणि हातात सांडशी घेऊन समोर उभी राहते, गोलकीपरसारखी. दूध वर आलं की पातेलं उचलायचं, खाली बसलं की परत ठेवायचं. भाताचंही तेच. आम्हाला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

मी सतरा वर्षांची आहे. घरात मला लवंगी म्हणतात, कारण अंगाने एवढीशी आणि फुटते फटकन. नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे काय, गणिताच्या सरांनी माझी वही दोन बोटांत धरून सगळ्या वर्गाला दाखवली आणि विचारलं, "ही कोंबडीने लिहिलीय का?" मी उठले, त्यांच्या हातातून वही घेतली, दप्तर उचललं आणि घरी आले. परत गेलेच नाही. मग शिवणाचा क्लास, अकरा दिवस. मग कॉम्प्युटरचा, एक महिना, त्यातला एक आठवडा कॉम्प्युटरच बंद होता. मग झेरॉक्सचं दुकान, चार दिवस, कारण मालक मला चुटकी वाजवून बोलवायचा. माझा भाऊ, म्हणजे दादा, औषधांच्या दुकानात कामाला आहे. मी घरी परत आले की तो अंपायरसारखं बोट वर करायचा. "आऊट!"

मला ह्यातलं काही नकोच होतं. मला बाबांची पिशवी पाहिजे होती. ती काळी, जड, तेलकट वासाची पिशवी. लहानपणापासून मी ती उपसत आलेय. कुठला पाना कशाला लागतो ते मला शाळेतल्या पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ होतं. मागच्या वर्षी बाबा एकदा मला कामाला सोबत घेऊनही गेले होते. त्या घरातली बाई म्हणाली, "अगंबाई, ही पोरगी करणार? मग राहू द्या." माझ्या हातात बर्नर होता. मी तो खाली ठेवला. म्हणजे मला वाटलं, ठेवला. त्यांच्या फरशीला तडा गेला.

त्यानंतर बाबांनी विषय बंदच करून टाकला.

मग एका रविवारी आत्या जेवायला आली होती. आत्या बाबांची मोठी बहीण. तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता घरी बसून नातेवाइकांना शिकवते. तिच्या पर्समध्ये माझ्यासाठी दहावीचा फॉर्म होता, बाहेरून परीक्षेला बसण्याचा. ताट वाढायच्या आधी तिने तो टेबलावर ठेवला आणि वर मिठाची बरणी ठेवली, उडू नये म्हणून. पंखा बंद होता तरी.

मी म्हटलं, "मला फॉर्म नको. मला बाबांबरोबर कामाला जायचंय."

"नाही," बाबा म्हणाले. त्यांनी मान पण वर केली नाही.

"का पण?"

"गॅस आहे तो, लवंगे. तुला राग आला की हातातलं खाली जातं. फरशी फुटली, बदलता आली. एक नट अर्धा राहिला ना, तर कोणाचं तरी घर जाईल. मला नंतर झोप लागेल का?"

ह्यावर मी आवाज वाढवला. आवाज वाढवल्यावर आत्याला बरंच वाटलं, तिचं म्हणणं आपोआप सिद्ध झालं.

"हिला आधी एक बालुशाही तरी करून दाखवू दे," ती म्हणाली. "बालुशाहीला घाई चालत नाही आणि राग तर अजिबात चालत नाही. पीठ चिडून मळलं की झाला दगड. आच मोठी केली की वरून काळी, आतून कच्ची. ती पाक पीतच नाही मग. माणसाची परीक्षा आहे ती."

आमच्या सगळ्या नात्यागोत्यात बालुशाही जमते ती फक्त आत्याला, आणि हे ती दर भेटीत कुठून ना कुठून आणतेच. बाबांचा तर बालुशाहीवर जीव. ते हसून म्हणाले, "हो, हो. लवंगीने घरी बालुशाही करावी, खुसखुशीत, आतपर्यंत पाक गेलेली. सोमवारी पिशवी तिच्या खांद्यावर!"

"नक्की?" मी म्हटलं.

बाबांचं हसू थांबलं.

"नक्की ना? पुढच्या रविवारी. इथेच, ह्याच टेबलावर."

"आणि नाही जमली तर?" आत्याने मिठाची बरणी बाजूला केली.

"तर मी फॉर्म भरीन. तुझ्या घरी येऊन राहीन. तू म्हणशील ती वेळ, तू म्हणशील ते पुस्तक. तोंडातून शब्द काढणार नाही."

"ह्यातलं शेवटचं जमणार नाही तुला," दादा म्हणाला, पण खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या खोक्यावर त्याने सगळं लिहून काढलं आणि बाबांची सही घेतली. खोकं फ्रिजवर गेलं.

सोमवारी मी मैदा घेतला, तूप घेतलं, चमचाभर दही, चिमूटभर सोडा, आणि बसले मळायला. मळताना गणिताचे सर आठवले, झेरॉक्सवाला आठवला, ती फरशीवाली बाई आठवली. पीठ छान घट्ट झालं. तळून पाकात टाकल्या, रात्रभर ठेवल्या, सकाळी पाक तसाच आणि बालुशाह्या पण तशाच. दादाने एक टेबलावर आपटली. आवाज आला.

"आई, हिची एक मला दे. दुकानाचं दार वाऱ्याने आपटतं, खाली लावायला होईल."

मी त्याच्या अंगावर दुसरी फेकली. त्याने झेलली. "बघ, फुटली पण नाही!"

आईने मला बाजूला घेतलं. तिने स्वतः कधी बालुशाही केली नव्हती, पण तिचे हात तीस वर्षं पिठात आहेत. ती म्हणाली, "मळू नकोस गं. नुसतं गोळा कर. एकत्र आलं की सोड त्याला. भेगा दिसू देत. त्या भेगांमधूनच पाक आत जाणार."

बुधवारी मी मळलं नाही. बोटांच्या टोकांनी नुसतं गोळा केलं आणि झाकून ठेवलं. चपटे गोळे केले, प्रत्येकाच्या मधोमध अंगठा दाबला. दिसायला अगदी आत्याच्यासारख्या. कढईत सोडल्या आणि दोन मिनिटांत तपकिरी. चार मिनिटांत त्याच्याही पुढे. फोडून बघितलं तर आत ओलं पीठ. मी आच कमी करायला बटण फिरवलं. फुस्स.

परत पेटवलं. परत फिरवलं. फुस्स.

"ती अशीच आहे," आई म्हणाली. "उचलून धर, मग ठेव."

मी सांडशीने कढई उचलली. कढईत तळणीचं तेल, दूध नव्हे. आईने अशी किंकाळी मारली की शेजारच्या काकू खिडकीत आल्या.

गुरुवारी कढईखाली तवा ठेवून बघितला. निम्म्या बालुशाह्या ठीक, निम्म्या जळक्या, आणि ठीक असलेल्याही आतून घशाला चिकटणाऱ्या. दादाने खाल्ली. तो सगळंच खातो. पाणी पिऊन म्हणाला, "प्रगती आहे. आता दार लावायला नाही चालणार."

मला वाटायला लागलं, आत्या खरं बोलत असेल. मी आहेच अशी. माझ्या हातात काही शिजणारच नाही, सगळं करपणार. शुक्रवारी दुपारी मी तिचा जेवणाचा डबा परत द्यायला गेले. डबा निमित्त. मला बघायचं होतं, ती घरी काय वेगळं करते.

आत्या बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होती. मी पाणी प्यायला आत गेले. गॅसवर दुधाचं पातेलं. समोर कोणी नाही. सांडशी भिंतीला टांगलेली.

"आत्या! दूध!" मी ओरडत धावले आणि पातेलं उचलायला हात घातला. पातेलं गरम होतं, ते सांगायला नको.

आत्या चष्मा सावरत दारात आली. "काय झालं? मांजर आलं का?"

"दूध ठेवून तू पेपर वाचतेस?"

"मग काय करू? दुधाला वाचून दाखवू?"

मी बोटं नळाखाली धरली आणि मग वाकून बघितलं. पातेल्याखाली आच होती. निळी. मोहरीच्या दाण्यांची माळ करून गोल ठेवावी, एवढीशी. हलत नव्हती की फुरफुरत नव्हती. दुधावर जाड साय आली होती आणि दूध आपलं मजेत होतं.

मी बटणाकडे बघितलं. आमच्यासारखंच बटण, आमच्यासारखीच शेगडी. बाबांनी दोन्ही घरांसाठी एकाच दिवशी आणल्या होत्या.

"ही अशी बारीक कशी राहते?"

"तुझ्या बापाला विचार. मागच्या महिन्यात सगळी साफ करून गेला. विझत होती मधेच."

मी घरी कशी आले मला आठवत नाही. रस्त्यात एका सायकलवाल्याशी भांडले एवढं आठवतं. अख्खा आठवडा मी स्वतःला शिव्या घालत होते, आणि इथे दोष पितळेच्या एका खुंटीचा. शेगडीच्या बटणामागे ती खुंटी असते, बाबा तिला कॉक म्हणतात. तिला एक मोठं भोक असतं आणि एक बारीक. बारीक आचेचा गॅस त्या बारीक भोकातून येतो. जुनं ग्रीस वाळून ते बुजलं की बटण फिरवल्यावर गॅसला वाटच नाही. मला हे माहीत होतं! बाबांना शंभर वेळा करताना बघितलं होतं. फक्त ते आमच्या घरात कधी झालं नव्हतं, म्हणून आमच्या शेगडीकडे मी शेगडी म्हणून बघितलंच नव्हतं. ती आमच्या घराचा स्वभाव वाटायची.

संध्याकाळी बाबा आले. चपला काढल्या, टेकले. मी म्हटलं, "बाबा, आपली शेगडी दुरुस्त करा."

"रविवारी बघू."

"रविवारीच तर सगळे जेवायला आहेत!"

"अच्छा. म्हणजे आता शेगडीचा दोष."

"मॅडमची बॅटिंग उत्तम आहे," दादा म्हणाला, "पिचच खराब."

"दिवसभर लोकांच्या शेगड्यांत डोकं घालतो मी, लवंगे," बाबा म्हणाले. खरंच दमले होते. नखांत काळं, मान आखडलेली. "घरी आलं की शेगडी बघवत नाही. खरं सांगतो."

माझ्या तोंडात तीन उत्तरं आली. तिन्ही गिळली आणि आत गेले. आईने येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

शनिवारी सकाळी बाबा कामावर गेले, दादा दुकानात. मी पलंगाखालचा पत्र्याचा डबा ओढला. बाबांनी टाकून दिलेली हत्यारं त्यात असतात. टोक झिजलेला स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, तळाशी थोडंसं राहिलेल्या ग्रीसचा डबा.

आई दारात उभी. "अगं, त्यांना कळलं तर?"

"कळायलाच पाहिजे."

"आणि काही फुटलंबिटलं तर?"

मी पक्कड बाहेर काढली. आईने माझ्याकडे बघितलं, मग शेगडीकडे. मग सरळ पुढे झाली, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढला, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, देवळात जाताना खोचतात तसा पदर खोचला आणि म्हणाली, "सांग, काय धरू?"

तिने शेगडी धरली. मी बटण ओढून काढलं. मागे दोन स्क्रू. एक निघाला. दुसऱ्याचं डोकं झिजून गुळगुळीत झालं होतं, स्क्रू ड्रायव्हर नुसता गरगर फिरायचा. तो पकडीने काढता काढता माझ्या अंगठ्याचं सालटं गेलं. मग कॉक बाहेर आला. वाळलेल्या ग्रीसने काळाकुट्ट, अकरा वर्षांच्या रविवारांनी माखलेला. चिंधी रॉकेलमध्ये बुडवून पुसला तर आतून पिवळंधमक पितळ निघालं. बारीक भोक दिसतच नव्हतं. आईने ब्लाउजची टाचणी काढून दिली. टोचलं, फुंकलं, उजेडासमोर धरलं. भोकातून खिडकी दिसली.

ग्रीस लावलं, भरपूर. झिजलेल्या स्क्रूच्या जागी दादाच्या टेबल फॅनचा स्क्रू बसवला. आईने रेग्युलेटर लावला. सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावला, बाबा लावतात तसा. गॅस गळत असेल तर तिथे बुडबुडा फुगतो. नव्हता. पेटवलं, भडकली. बटण फिरवलं.

फुस्स.

माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. हात वर गेला. आईने खिडकीच्या काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे, म्हणजे 'काच नवीन आहे' एवढंच.

मी स्क्रू ड्रायव्हर ओट्यावर ठेवला. ह्या वेळी खरंच ठेवला. आवाजसुद्धा आला नाही.

"ग्रीस जास्त झालं," मी म्हटलं. "भरपूर लावलं ना, तेच जाऊन भोकात बसलं."

परत रेग्युलेटर बंद. परत स्क्रू. परत पुसणं. ह्या वेळी बोटाला लावून बोट पुसलं, आणि बोटावर जो ओशटपणा राहिला तेवढाच कॉकला लावला. बसवलं. फेस लावला. वाट बघितली. एका स्क्रूच्या कडेला बुडबुडा फुगला. राईएवढा. फुटला. परत फुगला.

"एवढासा तर आहे," आई म्हणाली. ती थकली होती, शेगडी धरून तिचे हात भरून आले होते.

"एवढासा पण नको." बाबांचं वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मीच दचकले.

तिसऱ्यांदा सगळं उघडलं. फॅनचा स्क्रू लांबीला जास्त होता, पत्रा नीट टेकत नव्हता. पकडीने त्याच्याखाली एक चकती सरकवली. आवळला. फेस लावला. शंभर आकडे मोजले. कधी नव्हे ते शंभरपर्यंत मोजले. काही नाही. फेस नुसता फेसासारखा बसून राहिला.

पेटवलं. बटण फिरवलं. ज्योत खाली आली, आणखी खाली आली, आणि राहिली. निळी. मोहरीच्या दाण्यांची माळ.

मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू परत खिडकीत आल्या. "आज काय पडलं?"

"काही नाही पडलं!" आई म्हणाली. "तेच तर!"

तिने दुधाचं पातेलं आणून ठेवलं आणि सवयीने सांडशी घेऊन समोर उभी राहिली. दूध वर येईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग तिने सांडशी खाली ठेवली. स्टूल ओढलं. बसली. हातांचं काय करावं तिला कळेना, म्हणून तिने ते मांडीवर ठेवले आणि पाहुणी आल्यासारखी स्वतःच्या स्वयंपाकघराकडे बघत राहिली.

रविवारी सकाळी दादा अंघोळीला आणि बाबा दाढीला गेल्यावर आम्ही दार लोटून घेतलं. पीठ आधीच गोळा करून ठेवलं होतं, भेगा पडलेलं, बिघडल्यासारखं दिसणारं. तेल नुसतं कोमट झाल्यावर मी बालुशाह्या सोडल्या. त्या तळाशी जाऊन बसल्या. काहीच होईना. मी खोलीत फेऱ्या मारायला लागले. सहा पावलं तिकडे, सहा पावलं इकडे. शेगडीला माझ्या फेऱ्यांचं काही नव्हतं, तिचं ती बघत होती. मग एकेकीच्या कडेने बारीक बुडबुडे यायला लागले, आणि एक बालुशाही हळूच वर आली. मग दुसरी. मग सगळ्या. तरंगत राहिल्या. कडा उमलायला लागल्या, घडी घातलेलं कापड सुटावं तशा. अर्धा तास लागला. रंग आला तो सगळीकडून सारखा. पाक एका तारेचा करून ठेवला होता, गरम होता. त्यात सोडल्या तेव्हा त्यांच्यातून हवेचे बुडबुडे सुटले, तहान लागलेलं माणूस घटाघटा पाणी पितं ना, तसे.

जेवणं झाली. मी ताट आणलं. बावीस बालुशाह्या.

आत्याने एक उचलली. वजन बघितलं. उलटी केली. मग दोन्ही हातांनी मोडली. मोडताना खुस्स असा आवाज आला, आणि आत पदर. पातळ, एकावर एक, आणि पार मधल्या पदरापर्यंत पाक चमकत होता. आत्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कुठल्या दुकानातून आणल्या?"

"आत्या, आठवडाभर मी हिचे दगड खातोय," दादा म्हणाला. "दुकानातून आणायच्या असत्या तर सोमवारीच नसत्या आणल्या?"

आत्याने तुकडा तोंडात टाकला. चावताना ती छताकडे बघत होती, पेपर तपासताना बघायची तशी. "सोडा किंचित कमी चालला असता," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा.

बाबा नुसते खात होते. पहिली खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी अर्ध्यावर आणली आणि हात थांबला. ती अर्धी त्यांनी डोळ्यांसमोर धरली.

"पण हे होणं शक्य नाही."

"का शक्य नाही?" मी म्हटलं.

"आपल्या शेगडीवर शक्यच नाही. ती बारीक होतच नाही."

आई एकदम पाण्याचा तांब्या शोधायला लागली, तो तिच्यासमोरच होता.

बाबा उठले. आम्ही सगळे त्यांच्या मागे. त्यांनी शेगडी पेटवली, बटण फिरवलं, आणि ज्योत खाली आली आणि राहिली. ते वाकून बघत राहिले. मग बाहेर गेले, पिशवी आणली, साबणाचा ब्रश काढला आणि एकेका जोडावर फेस लावायला लागले. मागून, खालून, बटणाच्या आतून.

बालुशाहीच्या वेळी मला भीती वाटली नव्हती. आता वाटली. खरी परीक्षा ही होती. एक बुडबुडा, राईएवढा, आणि सगळं संपलं. फॉर्म, आत्याचं घर, आणि बाबांची नजर. मला बाबांच्या नजरेचीच जास्त भीती होती.

बाबा बघत होते. आम्ही बघत होतो. फेस फेसासारखा बसून होता.

त्यांनी दुसऱ्यांदा लावला. काही नाही.

"ग्रीस किती लावलंस?"

"आधी जास्त झालं. भोक बुजलं. मग बोट पुसून जेवढं राहिलं तेवढंच."

"आणि हा स्क्रू कुठला?"

"दादाच्या फॅनचा."

"माझ्या फॅनचा?" दादा म्हणाला. "म्हणून काल खडखडत होता!"

"लांब होता, म्हणून खाली चकती टाकलीय," मी म्हटलं. "नाहीतर एक बुडबुडा येत होता. एवढासा."

"एवढासा?"

"एवढासा. परत उघडली मग."

बाबा ओट्याला टेकले. अंगठ्याने त्यांनी तो स्क्रू चाचपला. मग ते हसायला लागले, आधी खांद्यांनी, मग पोटाने, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अकरा वर्षं," ते आईला म्हणाले. "तू अकरा वर्षं पातेलं उचललंस, आणि ह्या कार्टीने..."

"तुम्ही दोघं बसा आता," आई म्हणाली. "चहा ठेवते. आणि तो ठेवून मी बाहेर येऊन बसणार आहे."

ठेवला. आली. बसली. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

आत्या जाताना चार बालुशाह्या घेऊन निघाली. डबा आम्ही शुक्रवारीच परत केला होता, म्हणून तिने इकडेतिकडे कागद शोधला. नाही मिळाला. मग पर्स उघडली, दहावीचा फॉर्म काढला, घडी मोडली आणि त्यात त्या गुंडाळल्या. दोन मिनिटांत पाक 'उमेदवाराचे नाव' पर्यंत आला.

"पुढच्या वर्षी नवा आणीन," ती दारातून म्हणाली. "तू सुटलीस असं समजू नकोस."

"तोपर्यंत तुझी शेगडी बिघडली तर मला फोन कर."

"बघ रे, कशी बोलते!" आत्या बाबांना म्हणाली, पण पुडी तिने छातीशी धरली होती, पाक सांडू नये म्हणून.

सोमवारी सकाळी बाबांनी पिशवी माझ्या खांद्यावर दिली. बाप रे, जड होती. पट्टा खांद्यात रुतत होता. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पहिलं घर तिसऱ्या मजल्यावर. दार एका बाईने उघडलं, बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे.

"अगंबाई, ही करणार?"

बाबांची नजर खाली फरशीवर गेली.

"आधी सिलिंडर बंद करा, काकू," मी म्हटलं, "आणि खिडकी उघडा." पिशवी खांद्यावरून काढली आणि ठेवली.